सालभराचा फोड

माझा धाकटा भाऊ गेला त्याला आता वर्ष होत आलं. तेराव्याला आलेले लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलले. झाडांची त्याला नजर होती, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आवाज कधी चढला नाही. जेवणं आटोपल्यावर नात्यातल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं मला विचारलं, "आत्या, काकांनी लग्न काऊन केलं नाही?" मी म्हटलं, "जमलं नाही." ती ताटं उचलायला निघून गेली. मी त्या दोन शब्दांपाशी अडकून बसले. लग्न जमलं होतं. झालंही होतं, आणि त्याला एक मुलगीही होती. हे सगळं माहीत असणारी घरात आता मी एकटी उरले आहे, म्हणून लिहायला घेतलं. जमेल तसं लिहिते आहे.

सौंसरच्या बाहेर आमचा संत्र्याचा बगीचा आणि थोडी कापसाची जमीन होती. आई लवकर वारली. मी पांढुर्ण्याच्या मराठी शाळेत शिकवायला लागले आणि तिथेच खोली घेऊन राहू लागले. शनिवारी दुपारची बस धरून घरी यायचं, सोमवारी पहाटेच्या बसनं परत जायचं. घरी बाबा, भाऊ आणि त्याची नवी बायको. भावानं छिंदवाड्याला फिटरचं शिक्षण घेतलं होतं. शेतीत त्याचं मन होतं, पण बगीचा दोन पुरुषांना पुरेल असा नव्हता. नागपूरच्या एका एजंटामार्फत तो इराकला गेला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तिकडे इराणशी लढाई चालली होती आणि आपल्याकडचे कितीतरी लोक तिथे इमारती बांधायच्या कामावर होते. बाबा सकाळ-संध्याकाळ रेडिओच्या बातम्या ऐकत. इराक शब्द आला की हात वर करून सगळ्यांना गप्प करत.

तो गेला तेव्हा त्याची बायको पोटुशी होती. मुलगी झाली ती त्याला कॅसेटवर ऐकायला मिळाली. माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून टेप मागून आणून मी पोरीचं रडणं, खुळखुळा, तिच्या आईचं "बोल न, बाबा म्हन" असं सगळं भरून पाठवायची. त्या कॅसेटमध्ये मागे आमचा कोंबडाही आरवायचा. त्यानं कळवलं होतं की बराकीतले सगळे कोंबडा ऐकायला जमतात.

तो परत आला त्या दिवशी मी रजा काढून सौंसरच्या स्टँडवर गेले होते. थंडीचे दिवस. खांद्यावर मोठा टेपरेकॉर्डर, काखेत जाड कंबल, आणि अंगानं निम्मा झालेला. घरी त्यानं पोरीपुढे हात केले तर ती आईच्या मागे लपली. मग त्यानं ती जुनी कॅसेट लावली. स्वतःचंच रडणं ऐकून पोरगी टेपच्या मागे जाऊन बाळ शोधायला लागली. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझ्या भावाच्या घरातला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

त्याच्या डाव्या गालावर, कानाच्या खाली, मसुराच्या डाळीएवढा लाल फोड होता. घरात तो पहिल्यांदा त्याच्या बायकोनं पाहिला.

"हे काय झालं?"

"चावलं कायतरी."

पुढच्या रविवारपर्यंत तो चाराण्याएवढा झाला होता आणि मध्ये खड्डा पडायला लागला होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता. आम्ही दोघं बगीच्यात पाणी वळवत होतो तेव्हा त्यानं मला सगळं सांगितलं. त्यांची कंपनी शहराबाहेर घरं बांधत होती. लढाईमुळे सरहद्दीकडची गावंच्या गावं उठून आली. त्यांना राहायला जागा नव्हती म्हणून ती माणसं त्या अर्धवट इमारतींत येऊन राहिली. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, संडास नाहीत. म्हातारे, बायका, पोरं, काहींच्या सोबत बकऱ्या.

"आपल्या इथं पूर आला तं लोक शाळेत जाऊन राह्यते न, तसं," तो म्हणाला. "पन आपला पूर ओसरते. तिथं ओसरूनच नाई राहिला, ताई."

कचऱ्याचे ढीग साचले. उचलणारे सगळे लढाईवर गेले होते. मातीच्या, विटांच्या ढिगांतून संध्याकाळी एक माशी निघायची, चिलटाहून बारीक, पांढुरकी, उडताना आवाज न करणारी. आधी त्या गावांकडून आलेल्या पोरांच्या तोंडावर फोड दिसायला लागले. मग इमारती बांधणाऱ्यांच्या.

"आमच्या फोरमनच्या बरोबर नाकाच्या शेंड्यावर झाला. आमी इतके हासो का विचारू नको. मंग एकेकाले होत गेलं तं हासनं बंद झालं."

त्याच्या बराकीशेजारच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक म्हातारी सुना-नातवंडांसह राहत होती. तेलाच्या पिंपावर रोट्या भाजायची. एकदा त्याच्या गालावरचा बारीकसा ठिपका तिला दिसला. तिनं बोटानं त्याचा चेहरा वळवून पाहिला आणि हसली. तिच्या स्वतःच्या गालावर, कपाळावर जुने खड्डे होते. ती काय बोलली ते त्याला कळलं नाही; सोबतच्या बिहारी मिस्त्रीला तिकडची थोडी भाषा यायची, त्यानं सांगितलं, "कह रही है, साल भर का मेहमान है. खिला-पिला के विदा कर दो."

"सालभरानं आपोआप जाते म्हने," भाऊ मला म्हणाला. "नुसता खड्डा राह्यते."

मी ते ऐकून घेतलं. शाळेत गेल्यावर ग्रंथालयातलं आरोग्याचं पुस्तक काढलं. त्यात सालभराच्या फोडाबद्दल काही नव्हतं. महारोगावर मात्र एक धडा होता, चित्रांसकट.

गावात पहिल्यांदा चेष्टा झाली. चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं, "काय बे इराकी, टेप आनला, कंबल आनलं, अन हे काय वरून फुकटात भेटलं?" भाऊ म्हणाला, "वजनात बसत नव्हतं. कस्टमवाला म्हने, जाय घेऊन." सगळे हसले. पण फोड वाढत राहिला. कडा जाड, उंच आणि मध्ये ओला खड्डा. सौंसरच्या डॉक्टरांनी मलम दिलं, इंजेक्शनं दिली, फरक पडला नाही. मग हसणं थांबलं आणि लोक त्याच्या गालाकडे न पाहता बोलायला लागले. आमच्याकडे महारोगाला रगतपिती म्हणतात. तो शब्द पहिल्यांदा कोण बोललं ते आम्हाला कधी समजलं नाही. आम्हाला तो ऐकू आला तेव्हा सगळ्या गावाला आधीच माहीत होता. भावानं टपरीवर जाणं सोडलं.

होळीच्या आधी त्याचे सासरे आले. पांढुर्ण्याच्या पलीकडे त्यांचं गाव. ओसरीवर टेकले, पण पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही.

"जवाई, हे काय झालं?"

"फोड हाय मामाजी. तिकडे होते."

"तिकडे होते तं इकडे काऊन आनला?"

मग सासऱ्यांनी बाबांना सांगितलं, "सोयरे, होळीले लेक नेतो." होळीला लेक माहेरी नेण्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. बाबा हो म्हणाले. पोरीनं जाताना टेपकडे बोट केलं. भावानं तिच्यासाठी बटण दाबलं, कोंबडा आरवला, आणि ती हसतच आईच्या कडेवरून गेली. त्यानं तिला उचलून घेतलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं. पण फोड दिसला तेव्हापासून तो तिच्यापासून हातभर दूरच उभा राहायला लागला होता.

होळी झाली, रंगपंचमी झाली. ती आली नाही. बाबांनी निरोप पाठवला. उत्तर आलं की नागपूरच्या मोठ्या डॉक्टराकडून रगतपिती नाही असं लिहून आणा, आम्ही स्वतः लेक पोचवून देतो. त्यात राग नव्हता. आम्हालाही ते रास्त वाटलं. एवढंच तर करायचं होतं.

बाबांनी आधी त्याला एका शनिवारी जामसांवलीला नेलं. दोघं दिवसभर मंदिरात बसले, तीर्थ घेऊन आले. त्या संध्याकाळी दोघंही बरेच शांत होते, भावानं दोन भाकरी खाल्ल्या. नागपूरला मला सुट्टी लागल्यावर, मे महिन्यात जायचं ठरलं. बाबांना तिथल्या रांगा, चिठ्ठ्या, इमारती यांची भीती वाटायची आणि भावाला एकट्याला जायचं नव्हतं.

तोवर मी दर रविवारी एक गोष्ट करायची. पुस्तकात लिहिलं होतं की महारोगाच्या जागी स्पर्श कळत नाही. देवाजवळच्या कापसाची मी बारीक वात करायची. भाऊ डोळे मिटून खाटेवर बसायचा. मी फोडाच्या कडेकडेनं वात टेकवायची.

"लागते?"

"लागते."

"आता?"

"लागते."

"आता?"

"आता तू टेकवलीच नाई. फसवू नको."

पहिल्या वेळी आम्ही दोघं हसलो होतो. नंतर तो शनिवारीच, मी पिशवी खाली ठेवायच्या आत विचारायचा, "वात करतं का?" दर वेळी लागायचं. दर वेळी त्याचा चेहरा थोडा वेळ सुटायचा. पण आमच्या त्या 'लागते'चा उपयोग आमच्या दोघांपलीकडे कुठेच नव्हता. मी पांढुर्ण्याहून एकदा वाट वाकडी करून त्याच्या सासऱ्यांना हे सांगायला गेले होते. ते सगळं ऐकून म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या हा. पन तुमी त्याची बहीन हा."

संत्र्याच्या झाडाला डिंक्या नावाचा रोग होतो. बुंध्याची साल फुटते आणि त्यातून डिंक गळायला लागतो. तसाच सोडला तर वेढा घेत जातो आणि झाड वाळतं. पावसाळ्याआधी बाबा एकेक झाड पाहत फिरायचे. रोगट जागा दिसली की आकडीसारख्या चाकूनं साल खरवडायची, खालची ताजी साल लागेपर्यंत, आणि मग मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेला निळा लेप ब्रशनं लावायचा. आमच्या भागात प्रत्येक बगीच्यातली झाडं उन्हाळ्याच्या शेवटी अशी निळ्या पोटऱ्यांची दिसतात. त्या लेपानं बाबांनी कितीतरी झाडं वाचवली होती. लोक त्यांना बोलावून न्यायचे.

नागपूरला जायच्या आदल्या आठवड्यात मी घरी आले तेव्हा भाऊ ओसरीवर पडला होता. अर्धा चेहरा निळा-पांढरा, डावा डोळा सुजून बंद. बाबा विहिरीवर डबा विसळत होते.

"बाबा, हे काय केलं?"

"जे झाडाले करतो तेच." ते डबा विसळतच राहिले. "कड खरवडून काढली. खालून लाल निंगालं, चांगलं जितं. मंग लावलं."

"तो मानूस हाय बाबा!"

"झाड तरी मरू देल्लं का मी एखांदं?"

मी काही बोलणार तोच ओसरीवरून भावाचा आवाज आला. तोंड नीट उघडत नव्हतं. "ताई, त्यायले बोलू नको. मीच म्हटलं, लावा."

मी पाणी आणून तो लेप भिजवून भिजवून काढला. बाबा दारात उभे राहून पाहत होते. मधेच म्हणाले, "चुना जास्त झाला का?" मग ते आत गेले आणि पिठलं टाकायला लागले. सून गेल्यापासून स्वयंपाक तेच करायचे.

नागपूरला आम्ही तिघं गेलो. दवाखान्यात चामडीच्या डॉक्टरांपुढे आमचा नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टर तरुण होते, थकलेले, पण त्यांनी नीट पाहिलं. त्यांनीही कापूस टेकवून विचारलं, लागतं का. भावानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कोपराजवळच्या, कानामागच्या शिरा चाचपल्या, सगळं अंग पाहिलं आणि विचारलं, "कुठे होतात तुम्ही?" इराक म्हटल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले. जखमेच्या कडेचं खरवडून काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली बराच वेळ पाहिलं. परत पाहिलं.

"याच्यावर काय लावलं होतं?"

"मोरचूद अन चुना," बाबा म्हणाले. "बरोबर मापानं."

डॉक्टरांनी डोळे क्षणभर मिटले. मग समजावून सांगितलं. हा महारोग नाही, असं त्यांना वाटत होतं. हा एका परजीवी जंतूचा फोड असावा. ती बारीक माशी तो जंतू एका माणसातून दुसऱ्यात नेते. जिथे माणसं घरदार सोडून ढिगाऱ्यांत, उघड्यावर गर्दीनं राहतात तिथे हा फार पसरतो, लढाईच्या मुलखात तर हमखास. इथे त्याच्यापासून बायकोला, मुलीला होणार नाही. बहुतेक फोड वर्षभरात आपोआप भरून येतात.

भाऊ एकदम हसला. भाजलेल्या गालानं हसता येत नव्हतं, तरी हसला. "म्हातारी तेच म्हने," तो म्हणाला. डॉक्टरांना अर्थातच काही कळलं नाही.

"मंग लिहून द्या साहेब," बाबा म्हणाले.

"काय लिहून देऊ? कड जळून गेली आहे, नुसता पू दिसतो. जंतू मला दिसला असता तर आत्ता लिहून दिलं असतं. औषधाची इंजेक्शनं असतात, पण तीही कडक. अंदाजावर नाही देता येत. ही भाजलेली जखम बरी होऊ द्या. दोन-अडीच महिन्यांनी या, मी परत पाहीन."

"तोंडानं सांगून राहिले तेच कागदावर सांगा न."

"काका, जे मी पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून कसं लिहू?"

बाबांनी आणखी वाद घातला नाही. बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. नागपूर सुटल्यावर म्हणाले, "मी लावलं नसतं तं दिसला असता."

भाऊ म्हणाला, "दिसला असता का नसता, कोनाले मालूम."

डॉक्टरांचं तोंडी सांगणं घेऊन आम्ही तिघं पोरीच्या आजोळी गेलो. जून लागला होता. आंब्याचे दिवस, अंगणात कोयी पडलेल्या. सासऱ्यांनी आम्हाला आदरानं बसवलं. मी आत गेले तर माझी भावजय मागच्या अंगणात चुलीजवळ बसलेली होती. मला पाहून उठली, पाया पडली.

"ताई, मले त्यायचा भेव नाई. त्यायचे कपडे धुतले मी, त्यायच्या ताटात जेवली."

"मंग चाल आमच्यासंग. डॉक्टरनं सांगतलं, महारोग नाई."

तिनं पोरीला जवळ ओढलं आणि फ्रॉक वर करून तिचा गुडघा दाखवला. त्यावर एक फोड होता, पिकलेला. असा फोड आंब्याच्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी पोरांना होतो.

"हे गळू हाय. आंब्याचं," मी म्हटलं.

"मले मालूम हाय. मायले मालूम हाय. बाबाले सांगून सांगून थकली. सकाळ झाली का बाबा उजेडात नेऊन पाह्यते तिचा गुडघा."

बाहेर बाबा डॉक्टरांचं बोलणं पुन्हा पुन्हा सांगत होते. सासरे ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "सोयरे, माह्या मोठ्या भावाले झाली होती. त्यालेही वैद्य म्हने, फोड हाय, जाईन. गावाबाहेर झोपडी बांधून देल्ली आमी. भाकर मी नेऊन ठेवो. लहान होतो. ठेवली का पयत येवो, मागं पाहो नाई." ते थांबले. "त्यानं मले हाक मारली तरी नाई पाहो."

मला त्या माणसाचा राग करायचा होता, तो करता येईना. भाऊ अंगणात एका बाजूला उभा होता. पोरगी धावत बाहेर आली, त्याच्या सुजलेल्या, सोललेल्या चेहऱ्याकडे पाहून थबकली आणि रडत आत पळाली. तो म्हणाला, "चाला बाबा, बस जाईन."

पाऊस सुरू झाला आणि माझी शाळाही. एका रविवारी वात करताना भावानं डोळे मिटूनच विचारलं, "ताई, ते म्हातारी मले नुसता धीर देऊन राहिली असन का?"

"डॉक्टरही तेच म्हनाला न."

"तोही धीर देऊन राहिला असन. त्यानं लिहून नाई देल्लं."

मी वात टेकवली. त्यानं 'लागते' म्हणायला वेळ लावला. मला कळेना की त्याला लागलं नाही की तो मनानंच दुसरीकडे होता. मी पुन्हा विचारलं नाही.

आखाडात त्याच्या सासरकडून दोन वडीलधारी माणसं आली. मुलगी तरुण आहे, तुमच्या दुखण्याचं काही सांगता येत नाही, तिला मोकळं करा. बाबा म्हणाले, श्रावणापर्यंत थांबा, डॉक्टर लिहून देणार आहे. ती माणसं वाईट नव्हती, म्हणाली, थांबू. मी तेव्हा तिथे होते. थांबायचंच ठरत होतं. तेव्हा भाऊ म्हणाला, "नाई. उद्या मलेच हाय असं निंगालं तं? तिच्या गुडघ्याचं पाह्यत बसू का जिंदगीभर?" तो उठला, सरपणातून पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, एक वाळकी काडी काढली आणि त्या दोघांसमोर मोडली. आमच्या जातीत काडी मोडली की नवरा-बायकोचं नातं सुटतं. एवढंसं 'कट्' झालं. बाबांनी ते दोन तुकडे उचलले आणि हातात धरून बसले, आता ते कुठे ठेवायचे हे माहीत नसल्यासारखे.

श्रावणात फोड वाळायला लागला. काही न लावता. आधी ओल गेली, मग कडा बसल्या, मग खपली धरली. पोळा येईपर्यंत खपली पडून खाली गुलाबी, गुळगुळीत खड्डा राहिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो एकटाच नागपूरला जाऊन आला. तपासायला काही उरलंच नव्हतं; औषधाविना फोड भरून आला हाच पुरावा होता. डॉक्टरांनी आनंदानं लिहून दिलं की या माणसाला महारोग नाही, कधी नव्हता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते, दगडफेकीची जत्रा. नदीवर दोन्ही काठांनी दगड चाललेले, शाळेला सुट्टी, रस्ते बंद. मी खोलीतच होते. दुपारी भाऊ दारात आला. गर्दी टाळत लांबून चालत आला होता. मी त्याला पाणी दिलं, ताट वाढलं.

"जाऊन आला?"

"हो."

"दाखवला कागद?"

"दाखवला. मामाजीनं दोनदा वाचला. मंग डोळ्याले लावला." तो भाकरी मोडत होता, खात नव्हता. "ढसाढसा लडले, ताई. माह्या गालावर हात फिरवला त्यायनं. म्हने, बरं झालं बाप्पा, बरं झालं."

"अन ती?"

"पाट लावून देल्ला तिचा, दुसरं घर करून देल्लं. वरूडकडे. चांगला मानूस हाय म्हने, बिजवर हाय. पोरगी इथंच ठेवली, आजा-आजीपाशी."

नदीकडून आरडाओरडा उठला आणि ओसरला. मी विचारलं, पोरगी भेटली का.

"भेटली. आली जवळ. आता भेत नाई. मामाजीले विचारे, आबा, हे कोन होय? ते बिचारे काय सांगतीन. म्हने, मामा होय तुहा. पाया पड." भावानं घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला. "पडली पाया. मामा म्हने मले."

मी उठून खिडकीपाशी गेले, उगाचच खिडकी ओढून घेतली. मागून त्याचा आवाज आला, अगदी साधा, हिशोबी.

"मामा म्हनून गेलं तं कोनी नाई म्हननार नाई. दिवाळीले मामानं फ्रॉक न्याव लागते. हो का नाई?"

"हो."

"तू घेऊन देजो. मले नाई समजत बायकायच्या कपड्याचं."

मी म्हटलं, घेते, पण केवढा घेऊ, माप काय? त्यानं उजवा हात जमिनीपासून वर धरला. पाहिलं. मग थोडा खाली घेतला, मग परत वर नेला. तिला त्यानं कधी उचलून घेतलं नव्हतं. दिवाळीपर्यंत ती किती वाढेल तेही त्यात धरायचं होतं. ताटातली भाकरी तशीच होती, आणि तो हात अधांतरी धरून माझ्याकडे पाहत राहिला, मी सांगावं म्हणून.